वाहक की गळती?

आमचा थायोयुरिया गटाचा रेणू क्लोराइडला मेदाच्या पातळ पटलापलीकडे नेतो, असं क्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड बरेच दिवस सांगत होता. तरी माझं समाधान होत नव्हतं. पटलाला नुसतं भोक पडलं तरी क्लोराइड बाहेर येतो आणि आलेखाची रेघ तशीच वर चढते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीचं सीएफटीआर हे क्लोराइडचं दार बिघडलेलं असतं. त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या रेणूने पेशीच फाडली, तर काय उपयोग?

कार्बॉक्सिफ्लुरेसिनची चाचणी आधीच झाली होती. व्हेसिकलमध्ये, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशवीत, ठासून भरलेला हा रंग गळून बाहेर आला की चमकतो. तो चमकला नाही. म्हणजे भोक नाही. पण रेणू जागच्या जागी चॅनेल, म्हणजे क्लोराइड जाण्याची नळी, बनतो, की वाहकासारखा क्लोराइडला धरून स्वतः ये-जा करतो?

त्या दिवशी डीपीपीसी घेतलं. हे लिपिड (पटल बनवणारा मेद) ४१ अंशांखाली गोठल्यासारखं घट्ट होतं. वाहक त्यात अडकतो, चॅनेलचं सहसा फारसं अडत नाही. व्हेसिकल बनवताना मात्र हाताची परीक्षा असते. २०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून लिपिड ढकलायचं, तेही ब्लॉक गरम ठेवून. जरा थंड झालं की सिरिंजचा दट्ट्या हलत नाही. आत सोडियम क्लोराइड, बाहेर सोडियम नायट्रेट.

२५ अंशांना रेणू टाकला. रेघ सपाट. शेवटी ट्रायटन हे साबणासारखं द्रव्य घालून व्हेसिकल फोडले, तेव्हा क्लोराइड एकदम उसळला. म्हणजे माल आत होता, इलेक्ट्रोडही ठीक. मग नवा नमुना ४५ अंशांना. (४१च्या आसपास डीपीपीसी स्वतःच गळतं, तिथे मोजण्यात अर्थ नाही.) रेणू पडताच रेघ उठली, आणि मी खुर्चीतून उठले. रेणू ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचा ब्लँक ४५लाही सपाट.

गोठलेल्या पटलात रेणू शिरलाच नाही तरी २५ला असंच दिसेल, म्हणून एकट्या या चाचणीवर मी पैज लावणार नाही. पण रंगाच्या चाचणीशी जोडून पाहिलं, तर माझा कौल वाहकाकडे आहे. आता एचपीटीएस हा आम्लता दाखवणारा रंग लावायचा आहे: थायोयुरियाचे काही रेणू क्लोराइडसोबत प्रोटॉनही हलवतात, आणि तसं असेल तर पेशीच्या आतली आम्लता ढळेल.