आमची वाटचाल : छपाईआधीचं वाचन

वडिलांनी नागपूरच्या महाल भागात पायानं चालवायची छपाईची ट्रेडल मशीन टाकली, ती लग्नपत्रिका आणि पावतीबुकांवर चालायची. वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह यायचा. कवी आधी झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघात कविता वाचून, चार जणांचं ऐकून मगच आमच्याकडे येत. कंपोझिटर अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. प्रुफात एक शब्द वाढवायचा तरी कवी दहादा विचार करायचा.

1994 मध्ये कॉम्प्युटर आला, पुढे ऑफसेट, मग डिजिटल. पूर्वी 1000 प्रतींशिवाय परवडत नसे. आता 50 काढतो. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांची पुस्तकं निघाली. हे मी आजही चांगलंच मानतो.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांच्या आठवणी आम्ही दिवाळीआधी आठ दिवसांत छापल्या. 144 पानं, सोळा-सोळा पानांचे नऊ फर्मे, 100 प्रती. उन्हाळ्यात ते साठ प्रती पिशवीत घालून परत आले. "छपाई चांगली आहे जी, पण यात मी कुठंच नाही. तुम्ही वाचलं नव्हतं काय?"

नव्हतं वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तपासलं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं, 'बालपण कष्टात पण आनंदात गेलं.' मी विचारलं, कष्ट म्हणजे काय? ते बराच वेळ गप्प बसले. मग सांगू लागले. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना झाडाला फुलं यावीत म्हणून, थंडीत बागेचं पाणी तोडत, झाडाला ताण देत. विहिरीत पाणी असून द्यायचं नाही. पानं कोमेजलेली आईला बघवत नसत. घराजवळच्या एका झाडाला ती रोज रात्री गुपचूप चार घागरी घालायची. बाग फुलली, फक्त ते झाड फुललं नाही. वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा आई चुलीपुढून उठलीच नाही.

ती रात्र 144 पानांत कुठेच नव्हती. दुसऱ्या आवृत्तीला सात महिने लागले. पानं 80 झाली.

तेव्हापासून वाचल्याशिवाय आम्ही छापत नाही. वाचनाचे पैसे वेगळे घेतो. काही लोक उठून दुसरीकडे जातात, पहिल्या वर्षी उत्पन्नही बरंच घटलं. आता तर मोबाइलला सांगितलं की आठवणी लिहून मिळतात. तसली हस्तलिखितं येतात आणि त्यांत सगळ्यांचंच बालपण कष्टात पण आनंदात गेलेलं असतं.

सध्या टेबलावर एका निवृत्त नर्सबाईंची वही आहे. चौथ्या पानावरच्या 'रात्रपाळी कठीण असायची' या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली आहे. बाई गुरुवारी येणार आहेत.