आमची वाटचाल : केबल टीव्हीच्या खांबापासून पॅकेट लॉसच्या तपासणीपर्यंत

कराड तालुक्यात आमचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. २०१२ साली मुंबईपासून सेट-टॉप बॉक्सची सक्ती सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत खेड्यापाड्यात पोचली. मध्येच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. आमच्या हाताशी खांबावरची वायर, गच्च्यांवर चढायची परवानगी आणि घरोघरची ओळख होती; त्यावर ब्रॉडबँड उभं केलं. आज नवीन जोडण्यांपेक्षा चालू जोडणीत पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कुठे गळतंय, म्हणजे पॅकेट लॉस कुठे होतोय, हे शोधायलाच जास्त बोलावणी येतात, त्यात दुसऱ्या कंपन्यांचे ग्राहकही असतात.

सुरुवात गच्चीवरच्या स्विचपासून. एका इमारतीवरून दुसरीवर लॅन केबल ओढायची, मध्ये आठ पोर्टचा स्विच, वरून प्लास्टिकचा डबा. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. ती सगळे ताणायचे आणि १२०-१३० मीटरवरही लिंकची लाईट लागायची. पण लाईट लागणं वेगळं आणि पॅकेट धड पोचणं वेगळं. पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढत जायचे, एरर आलेली प्रत्येक फ्रेम (तारेवरून जाणारं डेटाचं पाकीट) स्विच गुपचूप टाकून द्यायचा, आणि ग्राहक म्हणायचा, 'नेट आहे, पण चालत नाही.' बाजारातली स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, तिच्यात हे आणखी लवकर होतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्ट जळायचे ते निराळंच.

त्या काळातला एक दोष आजही घराघरात सापडतो. एका टोकाला १०० एमबी फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हाताने ठरवून ठेवलेलं आणि दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरून काहीच कळत नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच) जातो. साधा पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघणं) स्वच्छ येतो, डाउनलोड सुरू केलं की लॉस सुरू होतो. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवायची, विषय संपला.

फायबर आलं आणि हिशोब डीबीमध्ये (प्रकाश किती कमी झाला याचं माप) गेला. आमच्या जीपॉनची (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) आखणी अशी : ओएलटीतून (आमच्याकडचं यंत्र) साधारण अधिक ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघतात. पहिला स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा) एकास आठ, तो साडेदहा डीबी खातो. गावातला दुसराही एकास आठ, आणखी साडेदहा. तीन किलोमीटर फायबरला एक डीबी, जॉइंट आणि कनेक्टरला दीड. म्हणजे घरात उणे २० ते २१ यायला हवेत. ओएनटी (घरातलं फायबरचं यंत्र) उणे २७ पर्यंत ऐकू शकतो, पण आम्ही उणे २५ च्या पुढचं घर चालू ठेवून निघून येत नाही. काठावरच्या घरात लाल लाईट लागत नाही, बिट चुकतात. चुका दुरुस्त करण्याची सोय एका मर्यादेपर्यंत पुरते, तिच्यापुढे फ्रेमच बाद होते. लाल लाईट लागलेलं घर सोपं. हिरवी लाईट आणि दोन टक्के लॉस असलेलं घर डोकं खातं.

अशा घरी गेल्यावर पॉवर मीटर आधी १४९० नॅनोमीटरवर आहे का ते बघायचं. मग कनेक्टर. हिरवा एपीसी, निळा यूपीसी. एपीसीचं तोंड आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे हिरव्यात निळा खुपसला की मध्ये फट राहते आणि काही डीबी तिथेच जातात. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, शर्टाच्या बाहीने नाही. त्यानंतर टीव्हीच्या कपाटामागे घट्ट गुंडाळलेलं वेटोळं. वाकलेल्या फायबरमध्ये लांब तरंगलांबीचं नुकसान जास्त होतं, म्हणून १४९० वर येणारा डाउनलोड आधी झोपतो आणि १३१० वर जाणारा अपलोड बरा दिसतो. ओएलटीवर ओएनटीची पॉवर नेहमीसारखी आणि घरात मात्र चार डीबी कमी, असं दिसलं की वेटोळं किंवा कुठेतरी आवळलेला टाय शोधायचा.

एकाच पॉन पोर्टवरची (ओएलटीच्या एका फायबरवरची) सगळी घरं एकदम बिघडली तर घरोघर फिरण्यात अर्थ नाही. अपलोडमध्ये प्रत्येक ओएनटीला बोलायची वेळ ठरवून दिलेली असते. एखाद्याचा लेझर बिघडून सतत चालू राहिला की बाकीच्यांचं बोलणं बुडतं. स्प्लिटरचे पाय (घरांकडे जाणारे फायबर) एकेक काढत जायचं. ज्याचा पाय काढल्यावर सगळे शांत होतात, तो गुन्हेगार.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि वरच्या मोळ्या ड्रॉप वायर (खांबावरून घरात जाणारी) ओढून नेतात. तुटली तर निदान कळतं. नुसती ताणली गेली तर डब्यातला जॉइंट अर्धवट सरकतो, दुपारच्या उन्हात एक आकडा दाखवतो आणि पहाटेच्या थंडीत दुसरा. म्हणून रस्ता ओलांडणाऱ्या वायरी हंगामाआधीच उचलून बांधतो.

२५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला, पुण्यातली आयटीची मंडळी लॅपटॉप घेऊन गावी आली आणि तक्रारीची भाषाच बदलली. 'स्पीड टेस्ट १०० दाखवते, पण ऑफिसचं काम रांगतं.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. स्पीड टेस्टचा सर्व्हर जवळचा आणि ती एकदम अनेक कनेक्शन उघडते. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) बहुतेकदा एकाच कनेक्शनवर चालतं आणि टोक परदेशात. जुन्या टीसीपीच्या (डेटा पोचवण्याच्या नियमांच्या) हिशोबात १ टक्का लॉस आणि १० मिलिसेकंदाचा फेरा (पॅकेट जाऊन उत्तर येण्याची वेळ) असेल तर एका कनेक्शनला सुमारे १४ एमबीपीएस मिळतात. तोच १ टक्का १०० मिलिसेकंदाच्या फेऱ्यावर जेमतेम १.४ वर आणतो. लॉस तेवढाच, अंतर दहापट, वेग एक दशांश. नव्या पद्धती थोडं सावरून घेतात, पण कल तोच.

तपासणी आम्ही घरातून बाहेर करत जातो. वायफाय बाजूला, लॅपटॉप केबलने राउटरला. पहिला पिंग राउटरला, बहुतेकांकडे १९२.१६८.१.१. विंडोज फक्त चार पॅकेट पाठवतं. चार पॅकेटांवरून अर्धा टक्का लॉस कसा दिसणार? हायफन एन लावून १००० पाठवायची. इथे एकही पॅकेट हरवता कामा नये. मग आमच्या गेटवेला (आमच्या नेटवर्कचं दार), मग ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला (गुगल आणि क्लाउडफ्लेअरचे सर्वांना खुले सर्व्हर). केबलवर स्वच्छ आणि वायफायवर लॉस असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडायचा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जायचं. दगडी भिंत आणि लोखंडी कपाट यांना कुठलंच सेटिंग चालत नाही. केबल टाका आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा.

मग मोठी फाइल अपलोडला लावून तोच पिंग पुन्हा. ८ मिलिसेकंदाचे ४०० झाले तर लाइन ठीक आहे, राउटरच्या बफरमध्ये (पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा) रांग लागली आहे. मायक्रोटिक राउटरच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत केक आणि एफक्यू-कोडेल (रांग आवरण्याच्या पद्धती) आहेत. मर्यादा प्लॅनच्या ९० टक्क्यांवर बांधली की रांग आपल्या ताब्यात येते. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, तेव्हा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्ड टाकून होणारी जोडणी) १४९२ असतो. पिंगला हायफन एफ, हायफन एल १४६४ लावून बघायचं : १४६४ आणि हेडरचे २८ मिळून १४९२. हे जात नसेल तर जाईपर्यंत आकडा उतरवायचा.

घरात सगळं स्वच्छ निघालं की विनएमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरचा, म्हणजे हॉपचा, लॉस दाखवणारा प्रोग्राम). याचा स्क्रीनशॉट पाठवून सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण तो वाचायचा कसा हे कुणी सांगत नाही. चौथ्या हॉपवर ४० टक्के लॉस आणि पाचव्यापासून शेवटापर्यंत शून्य, याचा अर्थ चौथा राउटर तुमची पॅकेट पुढे नीट पाठवतोय, फक्त स्वतः उत्तर द्यायला कंटाळा करतोय. राउटर अशा उत्तरांवर मुद्दाम मर्यादा घालतात. खरा लॉस एका हॉपवर सुरू होतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकून राहतो. शेवटची ओळ आधी वाचावी. ती स्वच्छ असेल तर वरच्या लाल आकड्यांवरून कुणाला शिव्या देऊ नयेत.

तरीही एमटीआर फक्त जाण्याचा रस्ता दाखवतो, येण्याचा वेगळा असू शकतो. कराडहून मुंबईतल्या सर्व्हरला ८-१० मिलिसेकंद लागतात. तिथेच ६०-७० आले आणि यादीत सिंगापूर कुठेच नसेल, तर उत्तर सिंगापूरवरून येतंय असा आमचा पहिला संशय. १२० च्या घरात गेलं तर बहुधा दोन्ही बाजू वळसा घेतायत. खात्रीसाठी समोरच्या टोकाकडूनही एमटीआर मागवायचा.

एकच अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट देणारी वरची कंपनी) होता तोवर अशा वळशांबद्दल तिकीट टाकून वाट बघणं एवढंच हातात होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पुढे आयआरआयएनएनकडून (देशात आयपी पत्ते वाटणारी संस्था) स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आणि एक /२४ चा, म्हणजे २५६ आयपी पत्त्यांचा, ब्लॉक घेतला (त्याहून लहान ब्लॉक जगात बहुतेक कुणी ऐकत नाही) आणि दुसरा अपस्ट्रीम जोडला. बाहेर जाणारी पॅकेट कुठून पाठवायची हे आता आम्ही ठरवतो. आत येणारी दुसरे ठरवतात. आपण प्रीपेंड (रस्त्याच्या नोंदीत आपला नंबर पुन्हा पुन्हा लिहिणं) लावून एक रस्ता लांबचा भासवू शकतो, ऐकायचं की नाही त्यांच्या हाती.

सर्वांत चिवट दोष वरच्या कंपनीच्या जोड-लिंकांचा. चार लिंक एकत्र बांधलेल्या, त्यातली एक आजारी. कुठलं कनेक्शन कुठल्या लिंकवर जाणार हे दोन्ही टोकांच्या आयपीवरून आणि पोर्टवरून ठरतं, म्हणून शेजारच्या दोन घरांत एकाला लॉस, दुसऱ्याला काही नाही. वरची कंपनी एक पिंग मारते, 'आमच्याकडे क्लीन आहे' म्हणते आणि तिकीट बंद. आम्ही एकाच ब्लॉकमधल्या लागोपाठच्या आठ-दहा आयपींना पिंग लावून ठेवतो. ठरावीक आयपींवरच दरवेळी लॉस आणि बाकीचे दरवेळी स्वच्छ, असा तक्ता जोडला की तिकीट सहसा वरच्या टेबलावर सरकतं.

आता स्मोकपिंग (लॉसचा आलेख काढणारा प्रोग्राम) प्रत्येक ओएलटीमागे दर पाच मिनिटांनी २० पॅकेट पाठवतं. संध्याकाळी आठ ते अकरा लॉस आणि पहाटे शून्य असा आलेख दिसला की फायबरला हात लावत नाही. ती गर्दी आहे, वरची बँडविड्थ वाढवावी लागते.

दोष आमच्या हद्दीत निघाला तर व्हिजिटचे पैसे नाहीत, घरातल्या वायफायचा निघाला तर घेतो. दोन्ही वेळेला पावतीच्या मागे चार आकडे लिहून देतो : ओएनटीची पॉवर, केबलवरचा लॉस, वायफायवरचा लॉस आणि एमटीआरची शेवटची ओळ. पुढच्या वेळी आमच्याऐवजी दुसऱ्याला बोलावलंत तर ती पावती त्यालाही दाखवा.