येऊरचा पाऊस आणि सेंट जॉर्जचं वाळवंट

जून ते सप्टेंबर मी ठाण्यात येऊरच्या रस्त्यावर पावसात पळत होते आणि तयारी चालली होती वाळवंटातल्या मॅरेथॉनची. रविवारी पहाटे रिक्षाने वर जायचं आणि उतार पळत खाली यायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. नेहमीचे पळणारे विचारायचे, "मॅडम, चढ सोडून उतारच का?" मी सांगायचे, मला अमेरिकेतल्या युटा राज्यात एक डोंगर उतरायचा आहे.

ताई लास वेगासजवळ हेंडरसनला राहते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच नकाशात युटातलं सेंट जॉर्ज दिसलं. वेगासपासून साधारण १९० किलोमीटर, लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी होणारी मॅरेथॉन. ही शर्यत नगरपालिकाच भरवते. १९७७ साली पहिल्यांदा झाली तेव्हा अवघे ३८ जण ती पूर्ण करू शकले होते. आता हजारो येतात, तरी गावाचा तोंडवळा घरगुतीच आहे.

शुक्रवारी सकाळी ताई, भावोजी आणि मी गाडीने निघालो. नेवाडाच्या हद्दीवरचं मेस्किट गाव सोडलं की रस्ता ॲरिझोनाच्या कोपऱ्यात घुसतो आणि व्हर्जिन नदीच्या घळईतून वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये नदीची बारीकशी धार. घळईतून बाहेर पडून युटात शिरलो की घड्याळ एक तास पुढे जातं. नेवाडातून येणाऱ्या प्रत्येक धावपटूने हे आधी लक्षात ठेवावं, कारण त्या रात्री मुळातच झोप कमी मिळते आणि त्यातला एक तास असा हद्दीवरच गळतो.

गाव लाल डोंगरांच्या कुशीत आहे आणि मधोमध मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं पांढरंशुभ्र मंदिर. १८६१ मध्ये पंथाचा तेव्हाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याने सुमारे ३०० कुटुंबांना कापूस पिकवायला या वैराण भागात पाठवलं. म्हणून या परिसराला 'डिक्सी' हे अमेरिकेच्या कापूसपट्ट्याचं नाव पडलं. पूर आणि दुष्काळ सोसत त्यांनी गाव वसवलं आणि १८७७ मध्ये मंदिर पुरं केलं. विदर्भातल्या कापसाच्या गावात माझं आजोळ. वाळवंटात कापूस पेरायला निघालेल्या त्या माणसांचा विचार मनातून जाईना. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नाव-क्रमांकाचा कागद, घेऊन मुक्कामावर परत आलो, ताईने केलेला साधा वरणभात जेवले आणि आठ वाजता आडवी झाले.

आता उताराविषयी. ही शर्यत १,५९७ मीटर उंचीवर सुरू होते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम पन्नास मीटर खाली, आणि ८१७ मीटरवर संपते. ४२ किलोमीटरमध्ये ७८० मीटरचा उतार. म्हणूनच बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरण्यासाठी लोक इथे गर्दी करायचे. २०२७ च्या बोस्टनपासून मात्र इतक्या उताराच्या शर्यतीतल्या वेळेत पाच मिनिटं वाढवून मग ती धरतात. मला तो नियम योग्यच वाटतो, पण उतार फुकट वेळ देतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो पळून पाहावा. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी सगळ्या अंगाला लगाम घालत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरवत नाहीत. असा मार आधी थोडा थोडा बसलेला असला, तर पुढच्या खेपेला तोच भार स्नायू बराच सहज पेलतो. येऊरच्या त्या फेऱ्या याचसाठी होत्या.

शनिवारी पहाटे चारच्या सुमारास शाळेच्या पिवळ्या बसने आम्हाला वर नेलं. बाहेर मिट्ट काळोख. खाली उतरले आणि थंडीने दातावर दात आपटायला लागले. पाच-सहा अंश असावं. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिथे माळावर ओळीने शेकोट्या पेटवल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती माणसांचं कडं. मीही एका कड्यात शिरले. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर स्वतःचं जुनं ब्लँकेट टाकलं आणि म्हणाल्या, हे तू ठेव, मी नाहीतरी इथेच सोडून जाणार आहे. जळत्या लाकडाचा वास, तोंडातून निघणारी वाफ, हात शेकत गप्प उभी माणसं. होळीच्या रात्री आजोळी असंच उभं राहायचो.

पावणेसातला शर्यत सुटली तेव्हा अंधारच होता. पहिले काही मैल फक्त बुटांचा आवाज ऐकू येत होता. मग पूर्वेकडे डोंगराची कड उजळली, गवत दिसायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी बरीच वेगात आहे. उतार ओढत होता. मी पावलं आखूड केली.

सातव्या मैलावर वेयो नावाचं खेडं येतं. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं, मुलांच्या हातात घंटा. तिथून पुढे रस्ता चढतो, तोही एका मृत ज्वालामुखीच्या शंकूला वळसा घालत. उताराच्या शर्यतीतला हा चढ साधारण मैलभराचा आहे, आणि त्यानंतरही डॅमरन व्हॅलीपर्यंत रस्ता हलकासा चढताच राहतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात पेडर रोड चढलेल्या माणसाला याची भीती वाटू नये. मी अर्धं चालले, अर्धं पळाले.

साधारण पंधराव्या मैलानंतर उजवीकडे स्नो कॅनियन उघडतं. नावातला स्नो म्हणजे बर्फ नव्हे, ते स्नो आडनावाच्या मॉर्मन पुढाऱ्यांवरून पडलेलं नाव. खाली लाल आणि पांढरे खडक लाटांसारखे पसरलेले. ते खडक म्हणजे एकेकाळच्या वाळूच्या टेकड्याच, दगड झालेल्या. आणि त्यांच्यावरून ओघळून थिजलेला काळा लाव्हा. तो काळा दगड पाहून मला एकदम घर आठवलं. आपला सह्याद्री त्याच जातीचा, बेसाल्टचा. फक्त आपल्याकडे ऑक्टोबरात त्यावर हिरवं शेवाळ आणि सोनकी असते, इथे तो उघडा, कोरडा पडलेला. मी थांबले. पूर्ण एक मिनिट थांबले, आणि त्या मिनिटाची हळहळ मला आजही नाही.

वाळवंटाने खरं काय शिकवलं ते याच्या पुढे. मुंबईत जानेवारीतसुद्धा दहाव्या किलोमीटरला माझा टीशर्ट पिळून काढता येतो. घाम दिसतो, टपकतो, म्हणून आपण पाणी पितो. इथे सोळा मैल झाले तरी कपडे कोरडे. मला वाटलं, छान थंड हवा आहे, घामच येत नाहीये. कपाळावरून हात फिरवला तर बोटांना कण लागले. मीठ. घाम येत होता आणि येता येताच उडून जात होता. दोन पाण्याची टेबलं मी न थांबता मागे टाकली होती. पुढच्या टेबलावर थांबून इलेक्ट्रलची पुडी पाण्यात ओतली, दोन पेले सावकाश प्यायले. कोरड्या हवेत तहान आणि घाम दोन्ही गोष्टींवर विसंबू नये, घड्याळ लावून प्यावं. इथे पळायला येणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला मी हे कळकळीने सांगेन.

विसाव्या मैलानंतर मांड्या थरथरायला लागल्या आणि बोटं बुटाच्या टोकावर आदळत होती. दोन नखं काळी होणार हे तेव्हाच कळलं. पण मांड्यांनी साथ सोडली नाही. ब्लफ स्ट्रीटवर आल्यावर ऊन चढलं होतं. लोक अंगणातला पाण्याचा पाइप घेऊन उभे होते, विचारून विचारून अंगावर पाणी मारत होते. एका आजोबांनी आइस्क्रीमच्या काडीवर व्हॅसलिन पुढे केलं, आणि एका लहान मुलीने संत्र्याची फोड देताना माझा बिब वाचून माझं नाव हाक मारल्यासारखं उच्चारलं. उच्चार चुकला होता. मला रडू आलं.

४ तास ४१ मिनिटं. मुंबईतल्या माझ्या वेळेपेक्षा एकवीस मिनिटं कमी. गळ्यात पदक पडलं ते इथल्याच वालुकाश्माचं, लालसर आणि हाताला खरबरीत. ताईने माझ्या गालाला हात लावला आणि दचकून बघितलं. "अगं, हे काय? मीठ लागलंय!" तिने ओला टॉवेल चेहऱ्यावरून फिरवला, लहानपणी शाळेतून आल्यावर फिरवायची तसा. वर्दन पार्कच्या झाडाखाली बसून मी डब्यातला दहीभात लिंबाच्या लोणच्यासोबत खाल्ला. एवढा चविष्ट दहीभात मी आजवर खाल्ला नव्हता.

परतताना मी मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते. ॲरिझोनाच्या हद्दीत शिरलो आणि फोनमधलं घड्याळ एक तास मागे गेलं. भावोजी म्हणाले, "घे, तुझा कालचा तास परत मिळाला." मी पदक मुठीत धरलं आणि घळई यायच्या आतच झोपी गेले.