जुनं जॅकेट विकायचं नाही: आमची वाटचाल

अण्णांनी मुंबईच्या दारुखान्यात गाळा घेतला तेव्हा तिथे जुनी जहाजं तोडली जात होती. तुटलेल्या जहाजातून जे निघेल ते गल्लीत विकायला यायचं. पितळी दिवे, साखळ्या, जाडजूड दोर आणि नारिंगी लाइफ जॅकेटांचे ढीगच्या ढीग. लोखंड घेणारे वेगळे, फर्निचर घेणारे वेगळे. अण्णांनी दोर, नांगर आणि जॅकेटं धरली. ससून डॉकचे तांडेल, भाऊच्या धक्क्यावरचे लाँचवाले आणि रविवारी कुलाब्याच्या बाजूला शिडाच्या लहान होड्या चालवणारी मंडळी, असं तीन तऱ्हेचं गिऱ्हाईक होतं. त्यातल्या तिसऱ्या गिऱ्हाइकाने आमच्या धंद्याला आजचं वळण दिलं.

शिडाची होडी म्हटली की लोकांना श्रीमंतांचा छंद वाटतो. आमच्याकडे येणारे बहुतेक नोकरदार. तिघांनी मिळून घेतलेली वीस-बावीस फुटांची जुनी होडी, तिचं एक शीड नवं शिवायचं म्हटलं तरी वर्षभर पैसे साठवायचे. शीड, दोर, रंग, जागेचं भाडं असं सगळं भागल्यावर जे उरेल त्यात सुरक्षेचं सामान. त्यामुळे ‘स्वस्तात काय आहे?’ हाच पहिला प्रश्न. त्यात काही चूक नाही. आमची चूक झाली ती उत्तरात.

मी नुकतीच दुकानात बसायला लागले होते. एका सोमवारी सकाळी एक गृहस्थ आले आणि त्यांनी काउंटरवर आमच्याकडूनच घेतलेलं जॅकेट ठेवलं. आदल्या दिवशी त्यांची दोन माणसांची होडी उलटली होती. पाण्यात पडल्या पडल्या जॅकेटचा कमरेचा पट्टा शिवणीतून सुटला आणि जॅकेट डोक्यावरून वर गेलं. ते होडीच्या तळाला धरून राहिले आणि मासेमारीच्या एका बोटीने त्यांना उचललं. आवाज चढवला नाही, पैसे मागितले नाहीत. ‘दुसऱ्या कुणाला असलं देऊ नका,’ एवढं बोलून गेले.

त्या दुपारी अण्णांनी आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मामांनी दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरलं आणि गाळ्यातलं एकेक जॅकेट वजन बांधून त्यात बुडवून ठेवलं. काही जॅकेटं कापसासारख्या कपोकने भरलेली होती. तेलाचा हात लागला किंवा वर्षानुवर्षं दाबून ठेवली की कपोक पाणी पितो. ती सकाळपर्यंत जड झाली. फोमची तरंगत होती, पण उन्हाने त्यांचे पट्टे इतके कुजले होते की मामांनी हिसका दिला की दोरा तुटायचा. बाहेरून मात्र सगळी सारखीच नारिंगी. अण्णांनी तो सगळा ढीग कापून टाकला. विकून टाकला असता तर दुसऱ्या कुणीतरी तो गल्लीतच पुन्हा विकला असता. तो हंगाम आम्ही तोट्यात काढला आणि काही जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या गाळ्यात गेली. तो निर्णय बरोबर होता, याबद्दल मला कधीही शंका आली नाही.

तेव्हापासून दुकानाचा नियम असा की नांगर, साखळी, बोयं, दोर अडकवायची पितळी क्लीट, बादली हे जुनं चालेल, डोळ्याने तपासता येतं. जॅकेट, फ्लेअर (संकटात पेटवून इशारा द्यायची नळी), अग्निशामक सिलिंडर, हार्नेस (स्वतःला होडीशी बांधून ठेवायचे पट्टे) हे जुनं विकायचं नाही. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी नाही.

मग परवडणारं सामान निवडायचं कसं? आम्ही क्रमाने सांगतो, कारण पैसे क्रमाने येतात. आधी होडीवरून पडू नये म्हणून काय, पडल्यावर तरंगण्यासाठी काय, आणि तरंगताना दिसण्यासाठी, कळवण्यासाठी काय. लोक नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतात, यंत्राकडे आधी बघतात.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचल. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला, किनाऱ्याजवळ, मदत हाताशी असताना ठीक. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. बंदराबाहेर, खांदेरीकडे जायचं असेल तर 150 न्यूटनचं घ्या. पाण्यात पडलं की आतल्या गॅसच्या नळीने आपोआप फुगणारं जॅकेट अंगाला हलकं, म्हणून लोक ते घालून ठेवतात आणि हा त्याचा मोठा गुण. पण बजेट तोकडं असेल तर मी साधं फोमचंच सुचवते, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. कुठलंही घ्या, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. तो नसला की पाण्यात माणूस खाली राहतो आणि जॅकेट वर जातं, त्या गृहस्थांचं झालं तसं. पट्टा वेगळा घेऊन जोडता येत असेल तर तो खर्च सगळ्यात आधी करा. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी, खिशात नको.

आमच्या बंदरात दुसरा शत्रू म्हणजे ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि ते सगळं प्राँग्जच्या दीपगृहाजवळून समुद्राकडे धावतं. ताशी दोन सागरी मैलांच्या ओढीत पडलेला माणूस तासाभरात पावणेचार किलोमीटर दूर गेलेला असतो. लाटांमध्ये त्याचं डोकं म्हणजे एक नारळ. म्हणून वीस मीटर तरंगणाऱ्या दोराची फेकपिशवी आम्ही स्वतः शिवतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर, पिशवीच्या तळाशी फोमची चकती, तोंडाशी मोठा फास. आमच्या दुकानातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि वल्ह्याच्या टप्प्याबाहेर गेलेला माणूस तिनेच परत येतो. होडी उलटली तर मात्र होडी सोडायची नाही. शोधणाऱ्याला माणसापेक्षा होडी लवकर दिसते.

कळवण्याच्या सामानात पहिला मान हातातल्या व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या वायरलेस सेटचा. चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. बंदराच्या आत मोबाइल चालतो, तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावाच. पण मोबाइलवर एकच माणूस ऐकतो, आणि 16 वर टप्प्यातली प्रत्येक बोट ऐकते. जवळची बोटच आधी पोचते. फक्त सेटचा परवाना काढावा लागतो, तो खर्च आणि वेळ धरून चाला.

फ्लेअर आम्ही गाळ्यात साठवत नाही, ते स्फोटक आहे. परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवतो आणि काय घ्यायचं तेवढं लिहून देतो. हातात धरायचा लाल फ्लेअर मिनिटभर जळतो, पॅराशूट रॉकेट तीनशे मीटर वर जाऊन चाळीसेक सेकंद. मुंबईत त्यात एक अडचण आहे. किनाऱ्यावर इतके दिवे की रात्री लाल ठिपका त्यात हरवतो, आणि दिवाळीत तर आकाशात रॉकेटंच असतात. दिवाळी बरोबर आपला हंगाम सुरू झाल्यावर येते. म्हणून दिवसा फिरणाऱ्यांना मी नारिंगी धुराचा डबा आधी घ्यायला सांगते. तो तीन मिनिटं चालतो, वाऱ्याची दिशाही दाखवतो. फ्लेअर साधारण तीन वर्षांत बाद होतात. जुना फ्लेअर नव्यासोबत ठेवायची सवय मोडा, घाईत हात जुन्यावरच पडतो.

ईपर्ब, म्हणजे उपग्रहाला संकटाचा इशारा देणारं यंत्र, याबद्दल बरीच विचारणा होते. 2018 साली अभिलाष टॉमी भर हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठ दुखावून पडले होते आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्यानंतर आमच्याकडे मांडव्यापर्यंत जाणाऱ्यांनीही ईपर्ब मागितला. 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब उपग्रहावरून तुमची जागा सांगतो, पण तो तुमच्या होडीच्या नावाने नोंदवलेला नसेल तर कोण हरवलंय हे शोधण्यात वेळ जातो. जुन्या मालात 121.5 मेगाहर्ट्झवरच चालणारे सेट अजून दिसतात. ते घेऊ नका, उपग्रहांनी ती लहर ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. बंदरातच फिरत असाल तर ईपर्बचे पैसे जॅकेट, व्हीएचएफ आणि धुराच्या डब्यावर घाला. गोव्याला जाणार असाल तर मग काटकसर नको. आमच्या कोळी गिऱ्हाइकांकडे इस्रोचं डॅट असतं. ते संकटाचा संदेश उपग्रहावरून पाठवतं, आणि 2024 मध्ये आलेल्या नव्या डॅटवर ‘संदेश पोचला’ असं उत्तरही येतं. पाण्यात वाट बघणाऱ्या माणसाला त्या उत्तराने काय धीर येत असेल!

18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाली. त्या आठवड्यात फोन थांबले नाहीत. ‘दोनशे नग, सगळ्यात स्वस्त, उद्या’, अशी मागणी. बाजारात पातळ फोमची, मापाचा पट्टाच नसलेली जॅकेटं तेव्हा धडाधड विकली गेली. आम्ही ती ठेवली नाहीत. त्याऐवजी एका मोठ्या मागणीवाल्याला म्हटलं, पन्नास नीट घ्या, मुलांच्या मापाची दहा वेगळी घ्या, उरलेली महिन्याने. त्यांनी ऐकलं. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं की ते त्यातून खाली निसटतं, हे मी त्यांना काउंटरवर माझ्या भाचीला उभं करून दाखवलं होतं.

आज आमच्या कमाईतला मोठा वाटा विक्रीचा नाही, तपासणीचा आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या की फुगणारी जॅकेटं आमच्याकडे येतात. तोंडाने फुगवून रात्रभर टांगायची, सकाळी मऊ झालं तर कुठेतरी गळतंय. गॅसच्या नळीवर तिचं भरलेलं वजन कोरलेलं असतं, ते मी झवेरी बाजारातून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर ताडून बघते. 150 न्यूटनच्या जॅकेटात बहुधा 33 ग्रॅम वायू लागतो, वजन कमी भरलं की नळी बदलायची. जॅकेट आपोआप फुगवते ती पाण्यात विरघळणारी गोळी आपल्या दमट हवेत ओलावा धरते, आणि बंद कप्प्यात ठेवलेलं जॅकेट जुलैत आपोआप फुगलेलंही मी पाहिलंय. तिच्यावरची तारीख वाचायचीच.

म्हणून या वर्षी सगळ्यांना एकच विनंती. जॅकेटं मेच्या शेवटच्या आठवड्यात आणून द्या. जूनमध्ये आमच्या गल्लीत पाणी साचतं, आणि मामा आता सत्तरीला आलेत, गुडघाभर पाण्यातून त्यांना गठ्ठे उचलायला लावायचं नाही असं आम्ही ठरवलंय.