पन्नासपैकी तेवीस

बिअर स्पर्धेचे दोन्ही स्कोअरशीट मोबाइलवर आले तेव्हा मी नेरूळ स्टेशनवर पनवेल गाडीची वाट बघत उभी होते. ऑगस्टचा पाऊस, गाड्या उशिरा. एका परीक्षकाने २६ गुण दिले होते, दुसऱ्याने २३. पन्नासपैकी. गुणांपेक्षा त्याखालच्या ओळी जास्त लागल्या. पहिल्याने लिहिलं होतं, ‘दवाखान्याचा वास, बँडेज. वाइल्ड यीस्टचा संसर्ग असावा. स्वच्छता तपासा.’ दुसऱ्याने, ‘शेवटी प्लास्टिकसारखी चव राहते. भांडी ब्लीचने धुऊन नीट विसळली नाहीत का?’

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय आणि नवी मुंबईतल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करते. परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे माझी हौस मी कामाच्याच जागी, सरांच्या परवानगीने, वीस लिटरच्या छोट्या भांड्यांवर भागवते. स्पर्धेत अशा छोट्या बॅचचा वेगळा गट होता. मी ब्लाँड एल पाठवली. ही बिअर साधी, म्हणूनच अवघड. स्टाउट या काळ्या बिअरमधल्या भाजक्या माल्टखाली (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) किंवा आयपीए या कडवट बिअरमधल्या हॉप्सच्या कडू फुलांखाली छोटी चूक झाकली जाते. ब्लाँडमध्ये काहीच झाकत नाही.

शीटवर सुगंधाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. दिसण्याचे तीनपैकी तीन मिळाले होते. गेले ते सगळे वासात आणि चवीत.

वाईट वाटलं ते संध्याकाळपर्यंत. मग भीती वाटायला लागली. माझ्या छोट्या फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, जो पाइप लावते तोच पंपाचा पाइप पाचशे लिटरच्या टाकीलाही लागतो. माझ्या बॅचमध्ये वाइल्ड यीस्ट, म्हणजे आपण न घातलेलं बाहेरचं यीस्ट, शिरलं असेल तर ते पाइपाच्या सांध्यांत, गास्केटच्या मागे बसलेलं असणार, आणि तिथून पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये जाणार. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सर आल्या आल्या मी दोन्ही शीट त्यांच्यासमोर ठेवले आणि पाइपाचंही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘आधी मोजून बघ. ओतायचं का ते नंतर ठरवू.’ पाइप मात्र त्याच क्षणी बाजूला काढून ठेवला.

माझ्याकडे त्या बॅचच्या एकवीस बाटल्या शिल्लक होत्या. चार बाटल्या आठवडाभर ३० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, चार फ्रिजमध्ये. संसर्ग असेल तर उबेत तो लपून राहत नाही. नेहमीच्या यीस्टला न खाता येणारी साखर वाइल्ड यीस्ट हळूहळू खात जातं, त्यामुळे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता) उतरते, गॅस वाढतो, झाकण उघडताच बिअर फसफसून बाहेर येते. बाटलीच्या मानेला कडं धरतं, कधी वर पातळ सायही येते.

आठवड्यानंतर उघडलेली एकही बाटली उसळली नाही. गॅस पूर्ण काढून हायड्रोमीटर सोडला. भरताना १.०१० होतं, आता १.०१०. पीएच तेव्हा ४.३, आताही ४.३. सूक्ष्मदर्शकाखाली फक्त आमचंच यीस्ट, काड्यांसारखे जिवाणू कुठेच नाहीत. कॉपर सल्फेटच्या माध्यमावर नेहमीचं यीस्ट वाढत नाही, बरंचसं वाइल्ड यीस्ट वाढतं. त्या प्लेट पाच दिवस कोऱ्या राहिल्या. पाइप परत जोडला तेव्हा कुठे मला धड जेवण गेलं.

पण वास होता. मलाही येत होता, आणि आता माहीत झाल्यावर तर ग्लास नाकापर्यंत न्यायच्या आधीच यायचा.

माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून काही यीस्ट लवंगेसारखा वास तयार करतात. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो हवाच असतो, माझ्या बिअरमध्ये तो दोष ठरतो. ब्रेटॅनोमायसिस हे वाइल्ड यीस्ट असेल तर वास आणखी पुढे, तबेल्याकडे आणि बँडेजकडे जातो. पण क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलला भेटला की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि त्याचा वासही तोच: बँडेज, प्लास्टिक, दवाखाना. अब्जात काही भाग एवढं असलं तरी नाकाला कळतं आणि वॉर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) तासभर उकळला तरी जात नाही. म्हणजे दोघांच्या नाकांनी एकच गोष्ट पकडली होती, कारणं मात्र दोघांनी आपापल्या अंदाजाने लिहिली होती. ब्लीचचं वाचून मी मनात दुसऱ्या परीक्षकावर चिडले होते, कारण आम्ही ब्लीच वापरतच नाही, पेरॅसिटिक आम्ल वापरतो. पण ब्लीचमध्येही क्लोरीनच असतो. आता त्यांचं वाक्य परत वाचलं आणि बॅचची वही काढली.

माझ्याच अक्षरात होतं: ‘स्पार्ज ८ लि. – गिझर.’

मग सगळं आठवलं. जुलैतली ती सकाळ, आरओची टाकी धुवायला काढलेली, मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) तयार, स्पार्जला, म्हणजे त्यातली उरलेली साखर काढायला दाणे धुवायचं, पाणी नाही. मी हात धुवायच्या जागेवरच्या गिझरमधून आठ लिटर गरम पाणी घेतलं, इंडक्शनवर पाच मिनिटं ठेवलं आणि ओतलं. उघड्या भांड्यात पाणी पंधरा मिनिटं खळखळ उकळलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो. गिझर बंद भांडं, त्यातून तो कुठे जाणार! नळाच्या पाण्यात क्लोरीन असायलाच हवा, पावसाळ्यात तर हवाच. तो आहे म्हणून आपण नळाचं पाणी पिऊ शकतो. बिअरसाठी तो काढायचं काम माझं होतं.

तरी वहीतली एक ओळ म्हणजे पुरावा नव्हे. क्लोरीन घालवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं, आणि ते कुठून मागवायचं या विचारात असताना ठाण्याची मावशी आठवली. दर मे महिन्यात ती आंब्याचं स्क्वॅश करते, त्यात चिमूटभर केएमएस घालते. तेच हे, खाद्यपदार्थांच्या पाकिटावर आयएनएस २२४ या क्रमांकाने लिहिलेलं असतं ते. ती म्हणाली, ‘डबी घेऊन जा, पण झाकण घट्ट लाव, नाकात जातं.’ बिअरसाठी ते फार थोडं लागतं, साधारण पाऊण शे लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम. एवढंसं वजन घरच्या काट्यावर नीट होत नाही, म्हणून मी एक ग्रॅम शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवलं. वीस लिटरला त्यातलं तेरा मिलिलिटर पुरतं.

पाच-पाच लिटरच्या दोन बॅच केल्या. माल्ट, हॉप्स, यीस्टचं पाकीट एकच, पाणी त्याच गिझरचं. फक्त एकात तीन मिलिलिटर द्रावण. तीन आठवड्यांनी सहा जणांपुढे प्रत्येकी तीन ग्लास ठेवले, दोन सारखे, एक वेगळा; कुठला ते कुणालाच माहीत नाही. पाच जणांनी वेगळा ग्लास बरोबर उचलला. किचनमधल्या काकांनी त्यापूर्वी कधी बिअरचा वास घेऊन बघितला नव्हता. ते पहिल्याच फेरीत म्हणाले, ‘हा पट्टी बांधल्यासारखा येतोय.’

सरांनी वहीच्या पानावर पहिला रकाना वाढवायला सांगितला: पाणी कुठलं. आता तो भरल्याशिवाय चूल पेटत नाही. दोन्ही परीक्षकांना आयोजकांमार्फत मी सविस्तर लिहून पाठवलं, आभारही मानले. जुन्या बॅचच्या सहा बाटल्या फ्रिजच्या तळाला जपून ठेवल्या आहेत, वर ‘क्लोरोफिनॉल, विकू नये’ असं लिहून. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात त्यातली एक उघडते आणि काहीही न सांगता ग्लास पुढे करते.