बांगडे दिसायला एकदम झकास होते

मी क्यूसीत (म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) आहे, गोव्यात साळसेतमधल्या एका मासे फ्रीझ करणाऱ्या प्लांटमध्ये. येणारा मासा घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणं माझं काम, म्हणजे थोडक्यात सगळ्यांच्या शिव्या खायचं काम. गाव सावंतवाडीकडचं, त्यामुळे बोलणं मराठीत आणि भांडणं कोकणीत.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बांगड्याचा सीझन जोरात होता, कुटबणच्या जेटीला पर्ससीनवाल्यांना (थव्याभोवती मोठं जाळं आवळणाऱ्या बोटींना) नुसता ओतत होता बांगडा. आमच्याकडे नेहमी माल देणारे एक खारवी काका आहेत, स्वतःची बोट, माणूस सरळ. त्यादिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्यांचा टेम्पो आला आणि काका स्वतः सोबत, म्हणजे माल भरपूर आहे आणि भाव भांडून घ्यायचाय हे कळलंच. वरचा क्रेट उघडून मला म्हणाले, "पळय गो बाय, डोळे बघ त्याचे." आणि खरंच, काय सुंदर बांगडे, पाठ हिरवीनिळी चमकतेय, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर येतंय, वास समुद्राचा. वर बर्फ पण होता.

पण नुसता वरचा क्रेट बघून माल घ्यायचा नाही हा नियम आहे, तो काकांचा असो नाहीतर कुणाचाही. मी टेम्पोच्या आतले क्रेट काढायला लावले आणि थर्मामीटरची सुई माशाच्या पाठीत खुपसून बघायला लागले. पहिला ३ डिग्री, पुढचा ४, मग मधल्या रांगेतला एक क्रेट काढला तर १३. मला वाटलं थर्मामीटर बिघडला, म्हणून बर्फाच्या पाण्यात घालून बघितला, बरोबर शून्य दाखवत होता. परत त्याच क्रेटमधला दुसरा मासा, १४. त्या क्रेटमध्ये बर्फ नव्हताच, तळाला नुसतं कोमट लालसर पाणी.

काकांना विचारलं तर ते काही लपवत नव्हते. जाळं टाकलं आणि अंदाजापेक्षा कितीतरी मोठा थवा लागला, बर्फ नेला होता नेहमीएवढाच, तो निम्म्या मालालाच पुरला. मासे सोडून द्यायला कुणाचा हात धजतो? पावसाळी मासेमारी बंदीचे ६१ दिवस (१ जून ते ३१ जुलै) घरी बसायचं, त्यानंतर ओडिशा-झारखंडचे खलाशी उशिरा येणार म्हणून अजून काही दिवस बोट किनाऱ्यालाच, मग मिळालाय तेव्हा भरायचा. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, बोटीतला मासे ठेवायचा खण गच्च भरला. त्यात परत येताना बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी वाळू साचलेली, ओहोटीला भरलेली बोट आत घेता येत नाही, म्हणून भरतीची वाट बघत बाहेर थांबले. तेवढे तास ते मासे एकमेकांच्या अंगावर, बर्फाशिवाय.

इथे बांगड्याचं एक समजून घ्यायला लागतं. बांगडा, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मुळातच खूप असतं. मासा मेला आणि गरम राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करून टाकतात, आणि ते जास्त झालं की खाणाऱ्याला विषासारखं बाधतं. ४ डिग्रीच्या आत ठेवला तर हे फार हळू होतं, पण आपल्याकडच्या उन्हात काही तासांत होऊन जातं, आणि गंमत म्हणजे मासा तेव्हा दिसायला चांगलाच असू शकतो. वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आणि हिस्टामिन एकदा झालं की जात नाही, तळा, उकळा, हुमण करा, काही करा.

आमच्या मॅनेजरांनी तेव्हा तेच केलं जे मॅनेजर करतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, ब्लास्ट फ्रीझरमध्ये टाकून मोकळे होऊया, उणे ४० ला काय जगतंय? मी म्हटलं सर, बॅक्टेरिया थंड पडतील, झालेलं हिस्टामिन कुठे जाईल? आणि त्यांचं एन्झाइम तर फ्रीझ करूनही मरत नाही, तिकडे डीफ्रॉस्ट केलं की परत कामाला लागतं. शेवटी ठरलं, टेस्ट करायची.

युरोपच्या नियमाप्रमाणे ९ नमुने घ्यायचे, सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, दोनच नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात, २०० च्या वर एकही नाही. आपल्याकडच्या एफएसएसएआयचंही (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) साधारण तसंच आहे. नऊ का, तर हे विष सारखं पसरलेलं नसतं, एका क्रेटमधला एक बांगडा स्वच्छ निघतो आणि शेजारचा भयंकर. किटचा रिझल्ट यायला दीडेक तास, तोवर काका बाहेर खुर्चीवर, टेम्पोवाला भाड्यासाठी फोनवर फोन.

नऊपैकी पाच चांगले. दोन १०० च्या वर. आणि दोन २०० च्या पार पुढे, त्यातला एक तर दिसायला सगळ्यात देखणा होता तोच.

लॉट रिजेक्ट. पण खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. काका म्हणाले ठीक आहे, तुम्हाला नको तर मडगावला लावतो, संध्याकाळपर्यंत उडेल. आणि ते खरंच उडाले असते हो! २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या होलसेल मार्केटमध्ये माशांना फॉर्मेलिन (मासा टिकवायला लावतात ते केमिकल) लावल्याचा गोंधळ झाला, सरकारने बाहेरच्या राज्यांतून येणारे मासे काही दिवस बंदच केले, नंतर इन्सुलेटेड गाड्या सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून गोव्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, केमिकल नाही ना? बर्फात होता का, असं मी अजून कुणाला विचारताना ऐकलं नाही. हे बांगडे खाऊन कुणाचं तोंड लाल झालं असतं, अंगावर पित्त उठलं असतं, डोकं ठणकलं असतं, आणि घरात म्हणाले असते बांगडा बाधला, चार दिवस खाऊ नको. कोण टेस्ट करायला जातंय.

मी काकांना सांगितलं, काका, हे तुमच्या नातवाच्या ताटात वाढाल का. थोडं इमोशनल ब्लॅकमेलच होतं ते, पण आकडे दाखवून त्यांना पटलं नसतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मासा चांगलाच दिसत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग तांडेलाला फोन लावून अशी कोकणी ऐकवली की इथे लिहिता येणार नाही. मधल्या रांगांचा सगळा माल फिशमीलवाल्याला (माशांची भुकटी करणाऱ्याला) गेला, पडेल भावात, डिझेलही सुटलं नसेल. वरच्या, थंड निघालेल्या क्रेटचं मॅनेजर म्हणाले वेगळं करून घेऊया, पण एकाच बोटीचा एकाच फेरीचा माल, कुठला क्रेट खणात कुठे होता हे कोण सांगणार, मी सही केली नाही. मॅनेजर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

काका आता बर्फ जास्त नेतात, आणि मोठा थवा लागला तर सगळा भरत नाहीत, म्हणजे तसं ते म्हणतात तरी. पण बर्फाचं बिल वाढलं ते कुणी द्यायचं? ते आमच्याकडे किलोमागे थोडा जास्त भाव मागतात, आमचा मालक म्हणतो बर्फ घालणं ही तुमची जबाबदारी. शेजारच्या बोटीवाला कमी बर्फात येतो, मडगावला विकतो आणि काकांपेक्षा जास्त कमावतो. या वादात दर आठवड्याला दोघेही मला मध्ये घेतात, आणि माझ्याकडे द्यायला थर्मामीटरशिवाय काही नसतं.