अप्पांच्या येझदीचं कव्हर आणि त्यानं पिलेलं तेल

अप्पांची येझदी मोटरसायकल 1984 ची. मैसूरच्या आयडियल जावाची, कंपनी 1996 ला बंद पडली तरी आमची गाडी नंतर बरीच वर्षं अप्पा चालवत होते, मग गुडघे दुखायला लागले आणि ती शेडमध्ये पत्र्याखाली गेली ती तिथंच. दिवाळीत म्हटलं आता इंजिन खोलायचंच. खोललं, तर दोन्ही साइड कव्हरांवर इतके ओरखडे आणि खड्डे होते की पॉलिश करून काही उपयोग नव्हता, म्हणून काळं सॅटिन पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत वितळवून पक्की करतात ते) करायचं ठरवलं. कव्हरं कंपनीतून चकचकीत येत होती हे माहितीय मला, पण गाडी परत रस्त्यावर आणायचीय, कपाटात ठेवायची नाहीय.

तर पहिल्या वेळी मी काय केलं, डाव्या बाजूचं क्लचचं कव्हर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी ब्रशनं घासलं, थिनरनं पुसलं, आणि इथं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कोटिंगवाल्याकडं नेऊन दिलं. त्यानं ब्लास्टिंग केलं, म्हणजे हवेच्या दाबानं ग्रिटचे बारीक खरखरीत दाणे मारले, कव्हर असं पांढरंशुभ्र झालं की मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "मालक, जरा येऊन बघा." गेलो तर ड्रेन बोल्टच्या भोवती आणि स्क्रूच्या भोकांजवळ बारीक बारीक बुडबुडे, काही फुटलेले, सुईनं टोचल्यासारखी भोकं, आणि एका ठिकाणी नखानं खरवडलं तर कोटिंगचा पापुद्राच निघाला, खाली तपकिरी चिकट डाग. मी त्याच्यावरच चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "वरनं स्वच्छ हाय ओ, पण आत तेल पिलंय त्यानं."

आणि त्याचंच खरं होतं. ही कव्हरं ॲल्युमिनियमची ओतीव असतात, त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. आपलं क्लचचं कव्हर तर आतून जन्मभर तेलाचे शिंतोडे खातं, गरम होतं, गार होतं, परत गरम होतं, प्रत्येक वेळी थोडं तेल आत मुरतं. आपण वरून कितीही घासा, मुरलेलं तिथंच राहतं. मग पावडर मारून भट्टीत 200 डिग्रीपर्यंत तापवलं की ते तेल पातळ होतं, त्याचा धूर होतो, छिद्रातली हवा फुगते, आणि नेमकी त्याच वेळी पावडर वितळून वर साय धरत असते. बाहेर पडायला वाट एकच, त्या सायीतून. म्हणून बुडबुडे.

आणखी एक चूक माझीच, ब्लास्टिंगला देताना तेल पूर्ण निघालेलं नव्हतं. तेलकट पार्टवर ब्लास्टिंग केलं की तेल निघत नाही, ते अजून आत ठोकलं जातं, वर मशिनमधलं ग्रिटही तेलकट होतं आणि तेच पुढच्या गिऱ्हाईकाच्या पार्टवर बसतं. त्या माणसाचं ग्रिट मी खराब केलं याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. अप्पांची सगळी नोकरी सूत रंगवायच्या कारखान्यात गेली, चादरी-टॉवेलचं सूत. ते म्हणाले अरे आमच्याकडं सूत रंगवायच्या आधी कॉस्टिक घालून उकळायचे, कापसाचं मेण आणि मशिनचं तेल निघाल्याशिवाय रंग धरतच नाही, डाग पडतात, तू पण उकळ की. मला पटलं. पण नशीब की आधी एका फुटक्या जुन्या कव्हराच्या तुकड्यावर करून बघितलं, कारण कोमट पाण्यात चमचाभर कॉस्टिक टाकून तो तुकडा सोडला तर मिनिटाभरात सोडा वॉटरसारखा फसफसायला लागला आणि पाच मिनिटांनी बाहेर काढला तर काळा कुट्ट, कडा खाल्लेल्या. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि वर हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेणारा. लोखंडाला चालतं, कापसाला चालतं, ॲल्युमिनियमला अजिबात नाही. कुणी गॅरेजवाला सांगत असेल की कॉस्टिकमध्ये टाका झटक्यात साफ होतंय, तर आधी धातू कुठला ते विचारा. पण अप्पांचं उकळायचं डोकं मात्र बरोबर होतं, फक्त पाण्यात नाही, भट्टीत.

दुसऱ्या वेळी सगळं पहिल्यापासून. जुनं कोटिंग काढून घेतलं. बेअरिंग, ऑइल सील, बुश, सगळं काढलं, रबर 200 डिग्रीत टिकत नाही. कोपऱ्यातला घट्ट झालेला काळा थर लाकडी पट्टीनं खरवडला (स्क्रूड्रायव्हर वापरू नका, गॅस्केटच्या फेसवर, म्हणजे तेल अडवणारं पॅकिंग बसतं त्या सपाट कडेवर, ओरखडा पडला की तिथनं आयुष्यभर गळणार). मग डिझेल, पण डिझेलवर थांबायचं नाही, कारण डिझेल स्वतःच तेलकट, ते घाण काढतं आणि आपला थर सोडून जातं. त्यानंतर पाण्यातलं डिग्रीझर, गरम पाणी, भांड्याचं लिक्विड आणि टूथब्रश, प्रत्येक स्क्रूच्या भोकात बाटली धुवायचा बारीक ब्रश. पेट्रोलनं धुऊ नका एवढं कळकळीनं सांगतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबच्या शेगडीपर्यंत पोचते. आणि घाण डिझेल गटारीत ओतू नका, मी कॅनमध्ये भरून ठेवतो, आठवड्यात गाळ खाली बसतो, वरचं परत पहिल्या धुण्याला चालतं.

पाण्याचं सोलापुरातलं तुम्हाला माहितीच आहे, नळाला रोज येत नाही, मधे सगळं बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड की कव्हर वाळल्यावर पांढरे ठिपके. ते क्षार पावडरच्या खाली राहिले तर पुढं तिथंच कोटिंग उचलतं. म्हणून शेवटचं खळबळणं बॅटरीच्या पाण्यानं (डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे) केलं, दोन लिटर पुरलं. त्याच वेळी एक तपासणी पण होते. पाणी सगळीकडं एकसारखं पसरून सलग खाली उतरलं तर तेल नाही, आणि कुठं थेंब गोळा होऊन मोत्यासारखे उभे राहिले तर तिथं तेल आहे, परत घासा. माझ्या कव्हरवर ड्रेन बोल्टपाशी तीनदा मोती उभे राहिले.

पुसायला मी आधी टॉवेलचे तुकडे वापरले, आपल्याकडं कारखान्यातनं किलोवर मिळतात. ते अजिबात नको. त्याची लव स्क्रूच्या कडांना अडकते आणि पावडरखाली केसासारखी दिसते. जुना धुतलेला बनियन सगळ्यात बेस्ट.

आता मेन काम, भट्टी. कोटिंगवाल्याला म्हटलं पावडर न मारताच एकदा तापवून द्या. तो दिवसा करेना, आणि त्याचंही बरोबर, तेलाचा धूर भट्टीत फिरला तर बाकीच्या लोकांच्या खिडक्या-कपाटांच्या पार्टवर बसणार. मग संध्याकाळी सगळी बॅच काढल्यावर एकट्या माझ्या कव्हरासाठी त्यानं भट्टी चालू ठेवली, 220 डिग्री, एक तास. कोटिंग पक्कं करायच्या टेंपरेचरपेक्षा वर तापवायचं, म्हणजे जे काही बाहेर यायचंय ते आधीच येऊन जातं.

दार उघडल्यावर मी ते कव्हर जवळनं बघितलं, आणि खरंच सांगतो अंगावर काटा आला. तीन-तीनदा धुतलेलं, पाण्याच्या तपासणीत पास झालेलं कव्हर घामेजलं होतं. जिथं धातू जाड, ड्रेन बोल्टभोवती, स्क्रूच्या बुंध्याशी, तिथं मधाच्या रंगाचे थेंब, आणि त्यांच्याभोवती तपकिरी वर्तुळं. चाळीस वर्षांपूर्वी अप्पांनी ओतलेलं तेल. गार झाल्यावर थिनरनं पुसलं, परत एक तास. दुसऱ्या वेळी फक्त दोन फिके डाग. तिसऱ्या वेळी कोरडं. मग कुठं ब्लास्टिंग, मग एअर मारून त्याच दिवशी पावडर, मधे उघड्या हातानं कुणी धरायचं नाही कारण बोटाचं तेलही तेलच.

मास्किंग, म्हणजे जिथं पावडर नको त्या जागा झाकणं, मी स्वतः जाऊन केलं. आटे आणि भोकांना सिलिकॉनचे बूच, गॅस्केटच्या फेसला आणि बुश बसतात तिथं उष्णतेची हिरवी टेप. कोटिंग साधारण 60 ते 80 मायक्रॉन बसतं, दिसायला काहीच नाही, पण गॅस्केटखाली तेवढ्यानं तेल गळतं आणि बुशाच्या जागी तेवढ्यानं बुश बसत नाही. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य पेटीचे, दोन भाग मात्र ब्लास्टिंगला दिलेच नाहीत, तेलाच्या वाटेत एक कण अडकला तरी बेअरिंग गेलं. ते नुसते धुऊन तसेच ठेवलेत.

रविवारी कव्हर घरी आणलं. अप्पांनी चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरलं, रंगवलेल्या सुताची लडी तपासायचे तसंच, आणि ड्रेन बोल्टच्या भोवती अंगठा फिरवत बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "उजव्या बाजूचं कधी नेतोस?"